सेकंदाचे साठ तुकडे

सकाळी ६:१०

डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, वन रूम किचन. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून शिवणयंत्राचं टेबल आहे. यंत्र विकलं, टेबल राहिलं. आता त्यावर चोवीस इंची मॉनिटर आहे आणि खाली सेकंडहँड भाग जुळवून केलेला पीसी. माझा भाचा तोंडात ब्रश धरूनच स्क्रीन चालू करतो. रात्री डाउनलोड लावून झोपला होता. खेळाचं अपडेट पूर्ण उतरलंय.

खेळ म्हणजे ‘स्ट्रीट फायटर सिक्स’. जून २०२३ मध्ये आला. दोघं समोरासमोर, गुद्दे आणि लाथा. अपडेट आलं की फटक्यांचे आकडे बदलतात, आणि आकडे बदलले की विकीची पानं शिळी होतात. ही पानं जगभरचे खेळाडू मिळून लिहितात. पात्रांची पानं वाटून घेतलेली आहेत. याच्याकडे नियमांची पानं आहेत. कुठल्या गोष्टीला काय म्हणायचं आणि ते कसं समजावायचं, हे तिथे ठरतं.

दुपारी दोन ते रात्री अकरा तो एका कंपनीच्या ग्राहकांना चॅटवरून उत्तरं देतो. महिन्याला चोवीस हजार हातात येतात. विकीचे काही येत नाहीत. सर्व्हरचं भाडं वर्गणीतून निघतं आणि त्या वर्गणीत यानेही अधूनमधून शंभर-दोनशे टाकलेले आहेत.

सकाळी ६:३५

मोजणीआधी दुरुस्ती. खेळायचा कंट्रोलर म्हणजे एक चपटा खोका, त्यावर दांडी आणि आठ बटणं. त्यातलं मिडियम पंचचं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतंय. असल्या बटणावर मोजलेला आकडा कुणी मानणार नाही.

तो खोका उलटा करतो. सहा स्क्रू. खालचा पत्रा निघतो. आत वायरींचा गुंता, पण प्रत्येक वायरला रंगीत चिकटपट्टी लावलेली. बटण तीस मिलिमीटरचं, दोन बाजूंच्या खिट्ट्या चिमटीत दाबल्या की वर उचलून येतं. तो कापसाला स्पिरिट लावून आतला मायक्रोस्विच पुसतो, कानाजवळ धरून टकटक करून बघतो आणि नाक मुरडतो. नवं जपानी बटण साडेतीनशेला पडतं, कुरियरचे वेगळे. मग तो कोपऱ्यातलं, मोजणीत कधीच न लागणारं बटण काढून इथे बसवतो आणि बिघडलेलं तिकडे.

“पगार झाल्यावर दोन मागवीन,” तो म्हणतो. पत्रा परत बसतो. पाचच स्क्रू लावतो. सहावा डबीत.

सकाळी ७:१५

ट्रेनिंग मोड. रिंगणात दोघंच, याचं पात्र र्‍यू आणि समोर हुकमी पुतळा. पुतळ्याला सांगायचं: सगळं अडव. तो अडवतो. सांगायचं: पडल्यावर लगेच उठ. तो उठतो.

हा खेळ सेकंदाला साठ चित्रांनी चालतो. एक चित्र म्हणजे एक फ्रेम, सेकंदाचा साठावा भाग. प्रत्येक फटक्याचे तीन टप्पे असतात. हात उगारला पण अजून लागत नाही, तो स्टार्टअप. लागू शकतो, ते ॲक्टिव्ह. हात मागे येतोय आणि आपण उघडे आहोत, ती रिकव्हरी. खेळातच खाली एक पट्टी दिसते. फ्रेमागणिक एक चौकोन: हिरवा, लाल, निळा.

तो र्‍यूचा साधा जॅब मारतो आणि थांबतो. चौकोनांवर बोट ठेवून मोजतो. हिरवे तीन. लाल तीन. निळे सात. एकूण तेरा.

पण पट्टीच्या वर लिहिलंय स्टार्टअप चार.

“मामा, आता बेरीज कर. चार, तीन, सात.”

चौदा.

“आणि चौकोन किती?”

तेरा. मी पुन्हा मोजतो. तेराच.

गंमत अशी की पहिला लाल चौकोन दोन्हीकडे धरलेला आहे. फटका चौथ्या फ्रेमला लागतो म्हणून स्टार्टअप चार. ती चौथी फ्रेम ॲक्टिव्हमधलीही पहिली. जुन्या काही खेळांच्या तक्त्यांत तिथे तीन लिहायची पद्धत होती, म्हणजे लागण्याआधीच्या रिकाम्या फ्रेमा. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर. घोटाळा एकाच माणसाने दोन तक्ते शेजारी ठेवले की होतो. एकीकडचा चार आणि दुसरीकडचा तीन बघून तो म्हणतो, दुसऱ्या खेळातला जॅब जलद आहे. तसं काही नसतं.

याने पानावर व्याख्या बदललेली नाही, कारण खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातही चारच आहे. व्याख्येखाली तेरा रंगीत चौकोनांचं एक चित्र टाकलंय आणि चौथ्या चौकोनावर बाण. माझ्या मते त्या पानावरची सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच. परिच्छेद वाचायला कुणाला वेळ नसतो, चौकोन लहान पोरही मोजतं.

पुढचा सव्वा तास हेच. फटका, थांब, मोज, लिही. तेच फटके रेकॉर्डही होतात. रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, हार्ड डिस्क नाही. मिनिटभराची क्लिप साधारण शंभर एमबी. मागच्या दिवाळीत घेतलेली डिस्क आता भरत आलीय. शंका आली तर क्लिप उघडायची आणि एकेक फ्रेम पुढे सरकवायची. खेळात पट्टी नव्हती तेव्हा सगळं काम असंच व्हायचं.

साडेआठपर्यंत तो मनगट दोनदा झटकतो.

सकाळी ८:४०

पोहे. माझी बहीण ताटली कीबोर्डवर ठेवू पाहते, तो हातातच घेतो.

“आंघोळ?”

“आई, नऊला.”

“काल पण नऊच म्हणालास.”

मध्येच मी सांगतो की २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत याच मालिकेतल्या आधीच्या खेळाला पदकं होती, भारताचे दोन खेळाडू गेले होते. ती ऐकून घेते. मग विचारते, “खेळणारे गेले ना? लिहिणारे कोण गेले?” आणि ताटली घेऊन आत जाते.

सकाळी ९:१०

आंघोळ झालेली नाही. पानाच्या चर्चेत रात्री एक तक्रार येऊन पडलीय. कुणी नवशिका आहे. त्याचं म्हणणं असं: तुमच्या पानावर लिहिलंय शोर्युकेन इन्व्हिन्सिबल आहे. मी पडलो, उठता उठता शोर्युकेन मारला, तरी समोरच्याने जमिनीवरून लाथ घातली आणि मला लागली. रात्रभर हेच चाललं होतं.

भाचा हसत नाही. “बरोबर आहे त्याचं. पान खोटं बोललं त्याच्याशी.”

या खेळात साध्या शोर्युकेनला, म्हणजे वर उसळत मारलेल्या गुद्द्याला, संरक्षण आहे, पण ते उडी मारून आलेल्यापासून. जमिनीवरून कुणी लाथ घातली तर लागते. सगळ्यांपासून वाचवणारी आवृत्ती वेगळी. तिला ओडी म्हणतात, दोन पंच एकत्र दाबायचे आणि ड्राइव्ह गेजच्या सहा खणांतले दोन खर्च करायचे. जुने खेळाडू या दोन्हीला सर्रास इन्व्हिन्सिबल म्हणतात. त्यांना संदर्भ माहीत असतो. नवशिक्याने शब्द खरा मानला आणि मार खाल्ला.

आता खरं काम. तो जुनं वाक्य काढतो आणि नवं टाइप करतो. पान इंग्रजीत आहे. पहिला मसुदा: याला हवेतल्या हल्ल्यांविरुद्ध इन्व्हिन्सिबिलिटी आहे. पुसतो. “हवेतला कोण? मारणारा की मार खाणारा?” दुसरा मसुदा: समोरचा हवेत असेल तर त्याचा फटका लागत नाही. बरा. तिसऱ्यात एक वाक्य जोडतो: समोरचा जमिनीवर असेल तर लागतो, म्हणून उठताना हा वापरू नका. ते वाक्य तो दोनदा वाचतो आणि ठेवतो.

चार ओळींना पाऊण तास. मग सगळ्या पात्रांच्या पानांवर तो एकटा सुटा शब्द शोधून काढायचा. जिथे सापडेल तिथे ‘कशापासून’ हे जोडायचं. फटक्यापासून, थ्रोपासून, फायरबॉलपासून, हवेतल्यापासून, की सगळ्यांपासून. कुठे कुठल्या फ्रेमपासून कुठल्या फ्रेमपर्यंत तेही.

त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पडद्यावर काय होतं ते. मग खेळाडू त्याला काय म्हणतात. मग खेळ बनवणारी कंपनी काय म्हणते. तिन्ही द्यायचं, पण याच क्रमाने. पानावरचे कसलेले खेळाडू नेमका उलटा क्रम धरतात आणि भांडणं तिथेच होतात.

सकाळी १०:४०

भांडण सुरू.

शब्द आहे मीटी. समोरचा पडलाय, उठतोय. तो उठतो त्याच क्षणी आपला फटका आधीच लाल चौकोनांत असतो. उठल्याबरोबर तो एकतर अडवेल किंवा खाईल. याला मीटी म्हणतात. पण याच शब्दाचा दुसरा वापरही रूढ आहे: फटक्याच्या शेवटच्या लाल चौकोनाने लागणं. शेवटच्या चौकोनाने लागलं की आपला हात लवकर मोकळा होतो, म्हणून फायदा वाढतो. र्‍यूचा जॅब लागला तर चार फ्रेमांचा फायदा. तिसऱ्या लाल चौकोनाने लागला तर सहा. चारच्या फायद्यावर चार फ्रेमांचाच फटका जोडता येतो. सहाच्या फायद्यावर सहा फ्रेमांचा दणकट फटका बसतो. सगळा डाव तिथून बदलतो.

बहुतेक वेळा दोन्ही एकदमच घडतात, म्हणून शब्द एकच राहिला. पण नेहमी एकदम घडत नाहीत. समोरचा उठताना जॅब पहिल्याच लाल चौकोनाने लागला तर तो मीटी आहे, फायदा मात्र चारच. आणि उभ्या माणसाला लांबून शेवटच्या चौकोनाने लागला तर फायदा सहा आहे, उठण्याचा प्रश्नच नाही.

ब्राझीलमधला एक जण लिहितो, दोन अर्थ आहेत ते दोन्ही लिहा, वाचक समजून घेईल. त्याच्याकडे पहाटेचे दोन वाजून गेलेत. तरी त्याची उत्तरं दोन-दोन मिनिटांत येतायत. कॅलिफोर्नियातली एक जुनी संपादक म्हणते, शब्दच काढा, त्याऐवजी जपानी ओकिझेमे वापरा. भाचा लिहितो की ओकिझेमे म्हणजे उठणाऱ्यावर केलेली सगळी चढाई, त्यात थ्रो आला, उडी आली, नुसती हूलही आली. ते मोठं पोतं आहे, हा त्यातला एकच जिन्नस.

सव्वाअकराला तोडगा. मीटी हा शब्द उठण्याच्या वेळेसाठी राखायचा. शेवटच्या चौकोनाच्या फायद्याचं वेगळं कलम, साध्या शब्दांत नाव: उशिरा लागल्याचा फायदा. दोन्हीकडून एकमेकांना दुवे. ब्राझीलवाला अंगठा टाकतो आणि झोपायला जातो. कॅलिफोर्नियाचं उत्तर येत नाही. भाचा याला होकार धरतो. मला तितकी खात्री वाटत नाही.

दुपारी १२:०५

दुसरा खेळ सोडून इकडे आलेल्यांसाठी एक पान आहे. त्याच्यावर आज हात फिरवायचाय.

‘टेकन’चे खेळाडू दोन म्हणतात तेव्हा त्यांना उजवा हात म्हणायचा असतो. त्यांच्यात एक डावा हात, दोन उजवा हात, तीन डावा पाय, चार उजवा पाय. इथे आकडे कीबोर्डच्या उजवीकडच्या नंबरपॅडवरचे. पाच म्हणजे दांडी मधे, दोन म्हणजे खाली, सहा म्हणजे पुढे. २३६ म्हणजे खाली, तिरकं, पुढे: फायरबॉल. टेकनवाला इथे दोन वाचून उजवा हात मारतो आणि बसायचं राहून जातं. हे पानाच्या पहिल्याच ओळीत यायला हवं. तो उचलून वर नेतो.

मग पॅरी. १९९७ च्या ‘स्ट्रीट फायटर थ्री’मध्ये फटका लागायच्या क्षणी दांडी पुढे टेकवायची, फटका झटकला जायचा. २००४ साली अमेरिकेच्या इव्हो स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राची सगळी सुपर, म्हणजे लाथांची सलग माळ, अशीच एकेक लाथ झटकत परतवली. आयुष्याच्या रेषेत तेव्हा शिल्लक जवळजवळ काहीच नव्हतं. ती क्लिप न पाहिलेला खेळाडू विरळा. आताच्या खेळातल्या पॅरीला दोन मधली बटणं धरून ठेवायची असतात आणि धरलेल्या वेळाइतका गेज झिजतो. नाव तेच, हात वेगळा. ती क्लिप बघून आलेला नवा माणूस फायरबॉल दिसला की दांडी पुढे करतो आणि चालत जाऊन त्यातच घुसतो. याने पानावर ‘हातांनी काय करायचं’ असा रकाना केलाय आणि तो नावाच्याही आधी ठेवलाय.

नावांचा घोळ या मालिकेला नवा नाही. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये जपानी आवृत्तीत मुष्टियोद्ध्याचं नाव होतं एम. बायसन. उघडउघड माइक टायसनवरून घेतलेलं. परदेशात खटला होईल या भीतीने तीन नावं फिरवली. मुष्टियोद्धा झाला बालरॉग, नखंवाला झाला वेगा, हुकूमशहा झाला बायसन. जपानी आणि अमेरिकी खेळाडू एकत्र बसले की कोण कुणाबद्दल बोलतंय तेच कळेना. मग खेळाडूंनीच मार्ग काढला: बॉक्सर, क्लॉ, डिक्टेटर. जो जसा दिसतो तसा. आजही स्पर्धांत हीच नावं ऐकू येतात.

दुपारी १:२०

आंघोळ. वरण-भात, भेंडी. आठ मिनिटांत जेवण.

दुपारी २:००

हेडफोन, दुसरा लॅपटॉप, कंपनीचा. यात सांगण्यासारखं फार नाही. एका वेळी तीन ग्राहक. तयार उत्तरांची यादी असते, त्यातून निवडायचं. शब्द बदलायची परवानगी नाही. एक बाई चारदा विचारते की ‘प्रोसेस्ड’ म्हणजे पैसे आले की नाही. हा तयार उत्तर पाठवतो. त्यातही ‘प्रोसेस्ड’च आहे.

संध्याकाळी ६:३०

पंधरा मिनिटांची सुट्टी. खाली टपरीवर दोन कटिंग, चोवीस रुपये. मी देतो.

नव्वदच्या दशकात स्टेशनजवळ व्हिडिओ गेमची पार्लरं होती. नाणं टाकायचं आणि मागे उभ्या असलेल्यांचे सल्ले ऐकत खेळायचं. फायरबॉलला, म्हणजे हादोकेनला, आम्ही आडुकेन म्हणायचो. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे नाव मी पार्लरमध्ये कधी ऐकलंच नाही. त्याला मुस्तफा म्हणायचे, त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्यामुळे. कुठल्याही पोराला मुस्तफा कुठेय विचारा, मशीन दाखवायचा.

मी हे सांगतो. वाटतं, त्याला जुन्या आठवणी ऐकून बरं वाटेल.

“मग त्या नावाने रिडायरेक्ट लागतो,” तो म्हणतो. “कुणी मुस्तफा शोधलं तर पान सापडायला हवं.” ग्लास ठेवून तो मोबाइलवर टिपून घेतो. डोंबिवलीतलं पोर म्हणेल तेही नावच, त्याच्या लेखी.

रात्री ११:१५

कंपनीचा लॅपटॉप बंद. जेवण टेबलावरच, ताट मांडीवर. आता दिवसातलं सगळ्यात धोक्याचं काम: तक्त्याचा साचा. एका ठिकाणी बदल केला की सगळ्या पात्रांच्या पानांवर उमटतो.

जुन्या साच्यात एक रकाना होता, सेफ. हो किंवा नाही. फटका समोरच्याने अडवला आणि आपण तीन फ्रेमा उशिरा मोकळे झालो, तर आकडा उणे तीन. बहुतेक पात्रांचा सर्वांत जलद साधा फटका चार फ्रेमांचा, म्हणून उणे तीनवर समोरचा काही करू शकत नाही. उणे चारवर करू शकतो. इतपत सोपं. पण उणे चारचा फटका अगदी टोकाने, लांबून लागला तर समोरच्याचा जॅब पोहोचतच नाही. मग हो की नाही? आणि कोपऱ्यात, समोरच्याची पाठ भिंतीला टेकलेली असेल तर? मागे सरकायला जागाच नाही.

तो रकाना उडवतो. फक्त आकडा राहतो. आकड्यावर बोट नेलं की एक ओळ दिसते: जवळून अडवल्यास चार फ्रेमांचा फटका लागू शकतो. ‘लागतो’ लिहिलं होतं, ते ‘लागू शकतो’ केलं.

आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या पानावर. एक कंस कमी पडलाय, सगळा तक्ता उभा आडवा कोसळतो. कंस टाकतो. प्रीव्ह्यू. र्‍यू बरोबर, धालसिम बरोबर. धालसिमचे हात-पाय लांब, त्याच्या पानावर ‘जवळून’ या शब्दाचा अर्थच वेगळा. तिथे तो वेगळी टीप जोडतो. आतून आवाज येतो, “लाइट बंद कर रे.” तो ट्यूब बंद करतो. मॉनिटर चालूच.

११:५२ ला जतन. बदलाचं कारण एका ओळीत लिहायचं असतं, ते तो टाळत नाही: “सेफ अंतरावर अवलंबून, हो/नाही चुकीचं, आकडा ठेवला.”

रात्री १२:४०

सकाळचा तोडगा कुणीतरी अर्धा उलटवलाय. चिलीमधला संपादक, नवा. कारणही दिलंय. मीटीच्या कलमात तुम्ही सुरुवातीलाच उशिरा लागल्याच्या फायद्याचा दुवा दिलाय, त्यामुळे वाचक समजतो की मीटी थ्रोलाही तो फायदा मिळतो.

भाचा खुर्चीत मागे रेलतो. “च्यायला. थ्रो.”

थ्रोला पाच फ्रेमांचा स्टार्टअप आणि तीन लाल चौकोन. पण थ्रो कुठल्याही चौकोनाने लागला तरी पकडून आपटण्याचं चित्र तेवढंच चालतं. उशिरा लागला म्हणून एक फ्रेमही जास्त मिळत नाही. आणि खेळाडू मीटी थ्रो असं रोज म्हणतात.

“उद्या बघ,” मी म्हणतो.

“आता काढला नाही तर सकाळी कॅलिफोर्निया पुन्हा ओकिझेमे घेऊन येईल.”

तो चिलीवाल्याचा बदल तसाच ठेवतो. खाली एक ओळ घालतो: थ्रोला उशिरा लागल्याचा फायदा नाही. शेजारी लिहितो, क्लिप सकाळी देतो. मग पुतळ्याला उठायला लावून एकदा थ्रो मारून बघतो, पट्टी थांबवतो आणि चौकोन मोजायला लागतो. मनगटाला आता क्रेप बँडेज आहे. औषधाच्या दुकानातलं, पंचावन्न रुपयांचं.